साग्रांतीनो: सणासाठी राखलेली वेल



आपल्या मालिकेत लढाया, घाटवाटा आणि सेनापती यांची चर्चा नेहमी होते. आज विषय आहे एका द्राक्षाचा आणि त्या द्राक्षापासून होणाऱ्या रेड वाईनचा. तुम्ही वाईन घेत असा किंवा नसा, त्यानं काही फरक पडत नाही. ही गोष्ट पिण्याची कमी आणि टिकण्याची जास्त आहे. एखादं पीक चारपाचशे वर्षं एका छोट्या गावात राहतं, मग जवळजवळ संपतं आणि शेवटच्या क्षणी वाचतं. ते कुणी वाचवलं, कशासाठी वाचवलं आणि वाचवताना त्यात काय बदललं, हे आज पाहायचं आहे.

या वाईनचं नाव साग्रांतीनो. गाव मोंतेफाल्को. प्रांत उंब्रिया, देश इटली.

उंब्रिया हे नाव मराठी माणसाला अगदी परकं असू नये. १० जुलै १९४४ रोजी याच प्रांताच्या उत्तर भागात, तिबेर नदीच्या वरच्या खोऱ्यात, पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनचे नाईक यशवंत घाडगे यांनी प्राण दिले आणि मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. त्यांच्याकडे आपण पुढे येऊच, कारण ज्या वर्षांत आपली माणसं त्या डोंगरात लढत होती, त्याच काळात या द्राक्षाचंही जुनं जग शेवटाला येत होतं. पण आधी भूगोल. फौजी माणूस नकाशा उलगडल्याशिवाय बोलायला सुरुवात करत नाही.

जागा

इटलीचा बूट डोळ्यांसमोर आणा. त्याच्या मधोमध, पोटरीच्या आत, उंब्रिया आहे. त्याला समुद्रकिनारा नाही आणि परदेशाची सीमाही नाही. दोन्ही नसलेला इटलीतला हा एकमेव प्रांत. पश्चिमेला तोस्काना, पूर्वेला मार्के, दक्षिणेला रोमचा लात्सियो. पूर्वेकडे आपेनिन पर्वताची रांग आणि पायथ्याशी फोलीन्योपासून स्पोलेतोपर्यंत पसरलेलं लांबट सपाट खोरं.

या खोऱ्याच्या पश्चिम बाजूला एका टेकडीवर, सुमारे ४७० मीटर उंचीवर, मोंतेफाल्को बसलं आहे. तटबंदीच्या आतलं छोटं गाव. तटावरून फेरी मारली की पेरुज्जा, असिसी, स्पेल्लो, फोलीन्यो, त्रेवी, स्पोलेतो अशी सगळी गावं एकामागून एक दिसतात. म्हणून त्याला 'उंब्रियाचा कठडा' म्हणतात. तोफखान्याच्या निरीक्षकाला अशी जागा मिळाली तर तो ती सोडणार नाही. खोऱ्यातून जाणारा प्रत्येक रस्ता इथून दिसतो.

गावाचं जुनं नाव कोक्कोरोने. तेराव्या शतकात सम्राट फ्रेडरिक दुसरा या भागात आला. त्याला बहिरी ससाण्यांच्या शिकारीचा इतका नाद होता की त्यानं त्या विषयावर लॅटिनमध्ये एक मोठा ग्रंथच लिहिला. ससाण्याला इटालियनमध्ये फाल्को म्हणतात, डोंगराला मोंते. त्याच्यावरून हे नवं नाव पडलं, असं परंपरा सांगते.

द्राक्ष

आता पिकाकडे वळू. साग्रांतीनो हे द्राक्षाच्या वाणाचं नाव आहे आणि त्यापासून होणाऱ्या वाईनचंही. मणी लहान, साल जाड, रंग काळपट. पिकायला वेळ लागतो, तोडणी बहुधा ऑक्टोबरात होते. साल जाड आणि मणी लहान म्हणजे रसाच्या मानानं सालीचं प्रमाण जास्त. रेड वाईनचा रंग आणि तुरटपणा सालीतून आणि बियांतून येतो. त्या तुरटपणाला टॅनिन म्हणतात. कच्ची सुपारी चघळली किंवा अर्धवट पिकलेलं जांभूळ खाल्लं की जीभ आखडते, ते टॅनिनचंच काम. साग्रांतीनोत टॅनिन आणि त्याच्या कुळातली द्रव्यं इतकी असतात की या बाबतीत जगातल्या ज्ञात वाणांमध्ये त्याचा क्रमांक अगदी वरचा लागतो.

म्हणजे या द्राक्षाची साधी, कोरडी वाईन ताजी असताना पिणं हा काही सुखाचा प्रकार नाही. मग जुन्या लोकांनी काय केलं? त्यांनी द्राक्षं वाळवली.

आपल्याकडे सांगली आणि तासगावच्या लोकांना हे समजावून सांगायची गरज नाही. ते द्राक्षाचा बेदाणा करतात, मोंतेफाल्कोचे लोक अर्ध्या वाटेवर थांबतात. घड बोरूच्या किंवा वेताच्या चटयांवर पसरून हवेशीर माळ्यावर ठेवायचे. किमान दोन महिने. मणी सुरकुततात, पाणी उडतं, साखर दाटते. मग ते चिरडून आंबवायचे. साखर इतकी असते की सगळ्या साखरेचा मद्यार्क होण्याआधीच आंबण्याची क्रिया मंदावून थांबते. उरलेली साखर वाईनला गोडवा देते आणि तो गोडवा टॅनिनचा तुरटपणा आवरतो. अशा वाईनला 'पासीतो' म्हणतात. शतकानुशतकं साग्रांतीनो म्हणजे हीच गोड पासीतो. ज्या कोरड्या साग्रांतीनोमुळे आज हे गाव जगाच्या नकाशावर आहे, ती अगदी अलीकडची आहे. हा मुद्दा ध्यानात ठेवा, सगळी गोष्ट त्याच्याभोवती फिरते.

उगम: खात्रीचं काय आणि ऐकीव काय

फौजेत शत्रूची खबर आली की तिची प्रतवारी होते. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं वेगळं, कागदावर सापडलेलं वेगळं, गावकऱ्यानं सांगितलेलं वेगळं. तिन्ही उपयोगाचं असतं, पण तिन्ही एका रकान्यात घालायचं नसतं. वाईनच्या इतिहासात ही शिस्त फार लागते, कारण प्रत्येक बाटलीवर कुणीतरी दोन हजार वर्षं चिकटवून ठेवलेली असतात.

ऐकीव गोष्टींपासून सुरुवात करू. पहिली गोष्ट रोमन काळाची. थोरला प्लिनी हा पहिल्या शतकातला लेखक. आपल्याला आवडावा असा माणूस, कारण तो स्वतः सैनिक होता आणि इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात मेला तेव्हा मिसेनमच्या रोमन आरमाराचा प्रमुख होता. त्याच्या 'नॅचरालिस हिस्टोरिया' या ग्रंथाच्या चौदाव्या खंडात द्राक्षांच्या जातींची मोठी यादी आहे. त्यात उंब्रियातल्या मेव्हानिया भागाची म्हणून एक खास जात येते, इर्तिओला. मेव्हानिया म्हणजे आजचं बेवान्या, मोंतेफाल्कोचं शेजारचं गाव. यावरून काही जण म्हणतात की इर्तिओला म्हणजेच साग्रांतीनो. जागा जुळते हे खरं, पण जागा जुळली म्हणून वाण जुळत नाही. प्लिनीचं वाक्य एवढंच सिद्ध करतं की त्या टेकड्यांवर दोन हजार वर्षांपूर्वी द्राक्षं होती आणि त्यांची स्वतःची अशी जात होती.

दुसरी गोष्ट संन्याशांची. असिसी इथून हाकेच्या अंतरावर. संत फ्रान्सिस तिथला, त्याचं निधन १२२६ सालचं. त्याच्या पंथाचे साधू पूर्वेकडच्या देशांतून हा वेल घेऊन आले, अशी कथा सांगतात. तिसरी गोष्ट नावाची. साग्रांतीनो हा शब्द 'साक्रो' म्हणजे पवित्र किंवा 'साक्रामेंतो' म्हणजे धर्मसंस्कार यावरून आला असं एक मत, कारण चर्चच्या प्रार्थनाविधीत वाईन लागते आणि मठांच्या आवारात हा वेल लावला जाई. दुसरं मत असं की 'साग्रा' म्हणजे गावजत्रा, सण, त्यावरून नाव पडलं. दोन्ही मतांचा अर्थ एकाच दिशेला जातो. हे रोजचं पेय नव्हतं, विशेष दिवसाचं होतं.

आता कागदावरचं. साग्रांतीनो हे नाव स्पष्टपणे सापडतं ते सोळाव्या शतकातल्या दस्तऐवजांत. म्हणजे आपल्याकडे विजापूर आणि अहमदनगरच्या शाह्या नांदत होत्या, तेव्हा उंब्रियातल्या व्यवहारांच्या कागदांवर हे नाव लिहिलं जात होतं. चारशेहून अधिक वर्षांचा पुरावा म्हणजे लहान गोष्ट नाही. त्याला दोन हजाराचा मुलामा द्यायची गरजच काय?

आणि डोळ्यांनी पाहता येईल असा पुरावाही आहे. मोंतेफाल्कोच्या सान फ्रांचेस्को चर्चमध्ये बेनोत्सो गोत्सोली या चित्रकारानं १४५२ साली संत फ्रान्सिसच्या आयुष्यातले प्रसंग भिंतींवर रंगवले. पाखरांना उपदेश करणारा फ्रान्सिस त्यात आहे आणि मागे हीच गावं, हेच डोंगर. ते चर्च आता संग्रहालय आहे. वर ही चित्रं आणि खाली तळघरात त्या साधूंची वाईन करण्याची जुनी जागा. भक्ती आणि वाईन एकाच इमारतीत वरखाली नांदत होती, हे तिथे उभं राहिलं की पुस्तकाशिवाय कळतं.

वेल तोडल्यास फाशी

उंब्रिया शेकडो वर्षं पोपच्या राज्यात होता, १८६० पर्यंत. गावांच्या नियमपुस्तकांत चौदाव्या शतकापासून द्राक्षवेलींच्या रक्षणाचे नियम सापडतात. कुणाच्या बागेत शिरणं, घड चोरणं, वेल कापणं यांसाठी दंड होते. १६२२ साली पेरुज्जाचा पोपनियुक्त प्रशासक, कार्डिनल बोनकोंपान्यी यानं हे नियम इतके कडक केले की वेल तोडणाऱ्याला मृत्युदंडापर्यंतची शिक्षा ठेवली.

हे ऐकून हसू येतं. पण शेतकऱ्याच्या बाजूनं विचार करा. गहू जाळला तर एक हंगाम जातो. द्राक्षाचा वेल कापला तर नवीन लावून तो धरायला तीनचार वर्षं लागतात आणि चांगलं फळ द्यायला त्याहून जास्त. वैऱ्याचं घर बुडवायचं असेल तर त्याचे वेल कापा, हा जुन्या युद्धांतलाही ठरलेला डाव होता. कठोर कायदा असतो तिथे त्यामागे तेवढीच मोठी भीती असते.

पण कायद्याच्या मर्यादाही पाहा. फाशीची भीती चोराला अडवते, काळाला अडवत नाही. पुढे हा वाण संपायला आला तो कुणा वैऱ्याच्या कोयत्यानं नाही. ज्याच्या शेतात तो होता, त्यालाच तो परवडेनासा झाला.

अर्धेलीची शेती आणि ईस्टरचा पेला

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत उंब्रियातली बरीचशी शेती अर्धेलीनं चाले. त्या पद्धतीला 'मेत्साद्रिया' म्हणतात. जमीन मालकाची, राबणूक कुळाच्या कुटुंबाची, उत्पन्न निम्मं निम्मं. असं कुटुंब एकच पीक घेऊन जगू शकत नाही. त्याला गहू हवा, मका हवा, जनावरांना चारा हवा, थोडं ऑलिव्हचं तेल हवं आणि वाईनही. म्हणून द्राक्षांच्या वेगळ्या बागा फारशा नसत. शेताच्या बांधावर मेपलची झाडं लावायची आणि त्यांच्यावर द्राक्षवेल चढवायचा. अशा वेलीला इटालियनमध्ये शब्द आहे 'वीते मारिताता', म्हणजे लग्न लावून दिलेली वेल. वर वेल, खाली गहू, झाडाची पानं जनावरांना. एका पट्टीत तीन उत्पन्नं.

या हिशोबात साग्रांतीनोची जागा कुठे? रोजच्या जेवणाची वाईन दुसऱ्या, सोप्या, जास्त पिकणाऱ्या द्राक्षांची. साग्रांतीनो कमी पिकतो, उशिरा पिकतो, वर वाळवायचा खटाटोप. पण प्रत्येक घर थोडे वेल राखून असे, कारण ईस्टरच्या दिवशी भाजलेल्या कोकराबरोबर साग्रांतीनो पासीतोचा पेला हवाच. लग्न, बाळाचा बाप्तिस्मा, मोठा पाहुणा, तेव्हाही तीच बाटली निघे. ती दुकानात मिळत नव्हती. ती घरातच करायची असे आणि ती चांगली झाली की नाही, यावर घराची अब्रू अवलंबून असे.

म्हणजे बाजारासाठी हा वाण जवळजवळ निरुपयोगी होता. तो तगला तो सणाच्या मानपानावर.

१९४४ आणि त्यानंतर

४ जून १९४४ रोजी मित्रराष्ट्रांच्या फौजा रोममध्ये शिरल्या आणि जर्मन सैन्य लढत लढत उत्तरेकडे हटू लागलं. माघारीचे रस्ते उंब्रियातून जात होते. फोलीन्यो हे रेल्वेचं जंक्शन, तिथे १९४३च्या नोव्हेंबरपासून बॉम्ब पडत होते. जूनच्या मध्यावर फोलीन्यो मोकळं झालं, २० जूनला पेरुज्जा. पुढे तिबेर नदीच्या वरच्या खोऱ्यात भारतीय फौजा डोंगरामागून डोंगर घेत सरकत होत्या.

याच चढाईत १० जुलैला घाडगे यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. तुकडीतले बाकीचे सगळे जवान मेले किंवा जखमी झाले. घाडगे एकटे मशीनगनवर धावून गेले. हातबॉम्बनं गन आणि गन चालवणारा निकामी केला, एकाला गोळी घातली. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, म्हणून हातातलं हत्यार नळीकडून धरून उरलेल्या दोघांना त्याच्या दस्त्यानं मारलं. मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते पडले. तेव्हा त्यांचं वय जेमतेम बावीस. रायगड जिल्ह्यातल्या पळसगावचा हा तरुण. त्यांचं नाव कासीनोच्या स्मारकावर आहे, ज्यांची कबर सापडत नाही अशांच्या यादीत. इटलीत सुमारे ५०,००० भारतीय सैनिक लढले, त्यांतले ५,७८२ परतले नाहीत. त्या आघाडीवर दिल्या गेलेल्या २० व्हिक्टोरिया क्रॉसपैकी ६ भारतीयांचे होते.

मोंतेफाल्को त्या जागेपासून दक्षिणेला, त्याच प्रांतात. युद्धानं द्राक्षं संपवली असं मी म्हणणार नाही. पण युद्धानंतर जे झालं त्यानं उंब्रियाचं खेडं रिकामं केलं. कारखाने उभे राहिले. अर्धेलीच्या घरांतली पोरं तुरीनला, मिलानला, रोमला गेली. निम्मं उत्पन्न मालकाला देण्यापेक्षा ठरलेला पगार बरा, हा सरळ हिशोब होता. १९६४ साली इटलीनं कायदा करून अर्धेलीचे नवीन करार बंद केले. न्यायाच्या दृष्टीनं योग्यच निर्णय. पण त्या व्यवस्थेबरोबर बांधावरची मेपलची झाडंही गेली, कारण ट्रॅक्टरला ती आडवी येत. झाड गेलं तसा वेल गेला. नव्या लागवडीत जास्त पिकणारे वाण आले. साठच्या दशकाच्या शेवटी साग्रांतीनो काही मोजक्या हेक्टरांवर आणि घरांच्या परसांत उरला होता.

परतीची वाट

काही जुनी घरं टिकून होती. स्पोलेतोच्या बिशपची जुनी मालमत्ता १८८१ साली आंतोनेल्ली कुटुंबानं घेतली होती. १८८४ साली एका बोनकोंपान्यी राजपुत्रानं स्थापलेली इस्टेट होती. फाशीचा कायदा करणाऱ्या कार्डिनलचं घराणं तेच. तिचं नाव मोठं मजेशीर, 'स्काच्चादियावोली', म्हणजे भूत पळवणारा. जवळच्या वस्तीत राहणारा एक मांत्रिक तिथल्या वाईनचा पेला पाजून भूतबाधा उतरवी, अशी दंतकथा आहे. १९५४ साली ही इस्टेट विकत घेतली आमिल्कारे पांबुफेत्ती यांनी. हे गृहस्थ पोरवयात त्याच इस्टेटीवर मजुरीला होते. ज्या तळघरात पोरगा म्हणून राबले, त्याचे ते मालक झाले. अर्धेलीच्या जगाचा शेवट इतक्या नेमकेपणानं दुसऱ्या कुठल्या घटनेत दिसत नाही.

सत्तरच्या दशकात काही उत्पादकांनी वेगळा प्रयोग केला. बेवान्याचे आदांती हे त्यांतलं एक आघाडीचं नाव. त्यांनी द्राक्षं न वाळवता, सगळी साखर आंबू देऊन, कोरडी वाईन केली आणि तिचा तुरटपणा लाकडी पिंपांत मुरवून मवाळ केला. १९७१ साली आर्नाल्दो काप्राई या कापड उद्योजकानं मोंतेफाल्कोत जमीन घेतली. १९८८ पासून त्यांचा मुलगा मार्को सूत्रं पाहू लागला आणि मिलान विद्यापीठाच्या मदतीनं या वाणाचा शास्त्रशुद्ध अभ्यास सुरू झाला. कुठला वेल निवडायचा, किती दाट लावायचा, छाटणी कशी करायची. जे आजोबा हातानं जाणत होते, ते आता मोजून लिहिलं गेलं. इस्टेटीच्या पंचविसाव्या वर्षानिमित्त त्यांनी १९९३च्या हंगामाची 'पंचवीस वर्षं' या नावाची साग्रांतीनो बाजारात आणली आणि जगातल्या समीक्षकांनी मोंतेफाल्को नकाशात शोधलं.

सरकारी मान्यता टप्प्याटप्प्यानं आली. १९७९ साली नियंत्रित नावाचा दर्जा, १९९२ साली त्याच्याही वरचा, इटलीतला सर्वोच्च. आज नियम असे आहेत: बाटलीत शंभर टक्के साग्रांतीनो. हेक्टरी जास्तीत जास्त ८ टन द्राक्षं. विक्रीआधी किमान ३७ महिने मुरवण, कोरड्या प्रकारात त्यांतले किमान १२ महिने लाकडात. क्षेत्र ठरलेलं: मोंतेफाल्को संपूर्ण आणि बेवान्या, ग्वाल्दो कात्तानेओ, काष्टेल रिताल्दी, जानो देल्लउंब्रिया यांचे काही भाग. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला शंभर हेक्टरही नसलेली लागवड पुढच्या वीसेक वर्षांत सहाशेच्या वर गेली.

तीन वर्षांहून जास्त काळ माल तळघरात ठेवायचा म्हणजे छोट्या शेतकऱ्याचं भांडवल अडकून पडतं. त्यावरचा तोडगा म्हणजे त्यांची दुसरी वाईन, 'मोंतेफाल्को रोसो'. तिच्यात मुख्य द्राक्ष सांजोवेजे आणि थोडा साग्रांतीनो. ती लवकर विकता येते आणि घर चालवते. सांजोवेजे हे नाव आपल्यालाही अनोळखी नाही. सोलापूर जिल्ह्यात अकलूजच्या परिसरात इटालियन तज्ज्ञांच्या मदतीनं हे द्राक्ष लावलं गेलं आहे आणि त्याची वाईन आपल्या शहरांत मिळते. साग्रांतीनो मात्र अजून प्रामुख्यानं आपल्या टेकड्यांवरच बसून आहे.

मग जुनं काय आणि नवं काय?

आता सुरुवातीचा मुद्दा पुन्हा घेऊ. आज 'साग्रांतीनो' म्हटलं की जगाला आठवते ती कोरडी, काळपट, दमदार वाईन. जाहिरातीत तिला प्राचीन म्हणतात. पण तिचा इतिहास जेमतेम पन्नास वर्षांचा आहे. ज्या गोड पासीतोनं हा वाण शतकानुशतकं जिवंत ठेवला, ती आता एकूण उत्पादनातला छोटा हिस्सा आहे. वाळवणं खर्चाचं, मेहनतीचं आणि जगाला गोड रेड वाईनची सवय नाही.

यावर दोन टोकाची मतं ऐकू येतात. एक म्हणतं, कोरडी वाईन म्हणजे बाजारासाठी केलेली तडजोड, खरी परंपरा पासीतोची. दुसरं म्हणतं, बाजार नसता तर वाण संपला असता, तेव्हा परंपरेच्या गोष्टी सांगू नका. मला दोन्ही अर्धवट वाटतात. बाजार १९७० मध्ये मोंतेफाल्कोला आला तेव्हा त्याला उचलायला काहीतरी शिल्लक होतं. ते शिल्लक का होतं? कारण गरीब अर्धेलकरी घरांनी, ज्यांना एक एक घडाचा हिशोब होता, ईस्टरच्या एका पेल्यासाठी चार वेल कापले नाहीत. त्यांना वारसा वगैरे जपायचा नव्हता. सण नीट व्हावा एवढंच हवं होतं. कार्डिनलच्या फाशीपेक्षा ही इच्छा जास्त परिणामकारक ठरली. पण नुसत्या त्या इच्छेवर वाण पुढची पन्नास वर्षं जगला नसता, कारण ती घरंच उठून शहरात गेली होती. तेव्हा गरज होती पैसा, प्रयोगशाळा आणि रूप बदलायची तयारी असणाऱ्यांची.

सैन्यातही असंच असतं. शेवटची चौकी चार जवान धरून ठेवतात आणि मग कुमक येते. कुमक आल्यावर विजयाचं श्रेय कुमकेला मिळतं. पण चौकी हातची गेली असती तर कुमक येऊन करणार काय होती? साग्रांतीनोच्या इतिहासात त्या चार जवानांची नावं कुठल्याही बाटलीवर नाहीत. म्हणून जे उत्पादक आजही थोडी पासीतो करतात, तोटा सोसूनही करतात, त्यांचं मला जास्त कौतुक वाटतं. ते त्या अनामिक घरांची हजेरी मांडत आहेत.

तुमच्यापैकी कुणी इटलीला गेलात तर लोक तुम्हाला रोम, फ्लोरेन्स आणि व्हेनिस दाखवतील. दोन दिवस उंब्रियासाठी काढा. आधी उत्तरेला मोंतोने या छोट्या गावी जा. तिथल्या लोकांनी २०२३ साली यशवंत घाडगे यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळाच्या रूपात स्मारक उभारलं आहे. एका परक्या मुलासाठी, ऐंशी वर्षांनंतर. तिथे दोन मिनिटं उभे राहा. मग दक्षिणेला मोंतेफाल्कोला जा, सान फ्रांचेस्कोमधली चित्रं पाहा, खाली साधूंचं तळघर पाहा. वाईन घेत असाल तर कोरडी जरूर चाखा, पण एक छोटा पेला पासीतोचा मागा. घेत नसाल तर तटावरून खोरं पाहा आणि शेताच्या बांधावर एखादं मेपलचं झाड दिसतं का ते शोधा. एखादं सापडलं आणि त्यावर वेल चढलेली असली, तर तुम्ही या गोष्टीचं सर्वांत जुनं पान पाहत आहात असं समजा.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.